पंप आधी

आत्याने कंट्रोलर उलटा धरला, मग सुलटा केला, आणि चष्मा नाकावर सरकवत विचारलं,

"यातलं कुठलं बटण दाबलं की स्फोट होतो, ते आधी सांगा."

"स्फोट वगैरे काही होत नाही, आत्या," गेम बनवणाऱ्या ऑफिसचा प्रमुख म्हणाला. "तुम्हाला वाटेल ते दाबा."

वाटेल ते! मागे बसलेल्या भाचीने खुर्ची पुढे ओढली. या गेमची गोष्ट तिनेच लिहिलेली, पण आता तिला तोंड उघडायची सोय नव्हती. या ऑफिसची रीतच तशी होती. गेमच्या गोष्टीवर शेवटचं शिक्कामोर्तब होण्याआधी, जन्मात कधी गेम न खेळलेलं माणूस आणून बसवायचं, आणि लेखकाने त्याच्या मागे मूग गिळून बसायचं. आज ठरलेला माणूस आयत्या वेळी आलाच नाही. आत्या मात्र डोळे तपासून परत जाताना घराची किल्ली घ्यायला आली होती. प्रमुखाने तिला तिथेच धरलं.

"तिला यातलं काही कळणार नाही," भाचीने सांगून पाहिलं होतं.

"अगं, काही न कळणारंच माणूस हवंय ना त्यांना? मग माझ्यासारखी दुसरी मिळणार कुठे?" असं म्हणून आत्या खुशाल आत जाऊन बसली होती.

पडद्यावर लांबच्या एका लाल ग्रहावरची वस्ती उजळली. काचेचे घुमट, त्यांच्या आत चिमूटभर हिरवळ, बाहेर नुसती धूळ. खेळणारा म्हणजे वस्तीच्या पाण्याचं काम बघणारी तरुण मुलगी. तिला पृथ्वीवरून आईचे निरोप येत. प्रत्येक निरोपाखाली दोनच पर्याय असत, 'आत्ताच उत्तर दे' आणि 'नंतर'. ती आई म्हणजे शब्दन् शब्द आत्या होती, भाचीला लहानपणापासून वाढवणारी. भाचीने तिला कधी विचारलंही नव्हतं. बरं, तेवढंच असतं तर आत्याने चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण तीनदा 'नंतर' निवडलं की ती आई मरायची. आणि हा भाग भाचीने लिहिला होता गेल्या वर्षी, आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन चालू असताना, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. आत बाई जगते की जाते याचा पत्ता नव्हता, आणि बाहेर हिने तिला लिहून मारून टाकलं होतं. हे आत्याला उमगलं तर कुठल्या तोंडाने घरी जायचं?

पहिला निरोप आला. आवाज नटीचा होता, बाकी सगळं उचललेलं.

"पोचलीस? मग तेवढं कळवायला काय जीभ झिजते?"

आत्याचा अंगठा थांबला. तिने मान जरा तिरकी केली.

"ही कोण बाई?"

"त्या मुलीची आई."

"बोलते बरी," आत्या म्हणाली. तेवढ्यात पाण्याच्या पंपावरचा दिवा लाल झाला. आत्याने 'नंतर' दाबलं आणि पंपाकडे वळली.

पंप काही दाद देईना. झडपा चुकत होत्या, पाणी भलत्याच घुमटात जात होतं. दुसरा निरोप आला, "तिथं म्हणे हवाच नाही. मग एवढ्या मोठ्या आवाजात भांडतेस कशी?" आत्या खुदकन हसली. हसता हसता तिने पुन्हा 'नंतर' दाबलं.

तिसऱ्या निरोपाला मात्र ती हसली नाही.

"काही नाही गं. सहज बोलावंसं वाटलं."

आत्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून पदराने पुसला. 'आत्ताच' दाब, आत्या, 'आत्ताच' दाब. एक उत्तर, नुसता एक हुंकार दिला असता तरी निरोपाचं बोलणं झालं असतं, आणि हे सगळं टळलं असतं. भाची पुढे झुकली. प्रमुखाने ओठांवर बोट ठेवलं.

"हे पाणी किती लोकांचं?" आत्याने विचारलं.

"सगळ्या वस्तीचं."

आत्याने 'नंतर' दाबलं.

पंप सुरू झाला. घुमटाघुमटांतून माणसं भांडी घेऊन बाहेर आली. मग पडदा मंद झाला. वस्तीचा डॉक्टर त्या मुलीजवळ येऊन म्हणाला, पृथ्वीवरून कळवलंय, तुझी आई गेली. मुलगी गुडघ्यांवर बसली. "मी उशीर केला," ती म्हणाली. "मीच मारलं तिला."

भाचीला आत्याची फक्त पाठ दिसत होती.

"तुम्ही उत्तर का नाही दिलंत, आत्या?" प्रमुखाने हळूच विचारलं.

"अहो, पंप बंद होता ना." आत्या सावकाश बोलत होती. "जन्मभर नर्स होते मी. ही लहान असताना वॉर्डात फोन करायची, मी नंतर म्हणून ठेवून द्यायचे. तिथे सलाइन संपत आलेलं असायचं. घरच्या माणसाला थांब म्हणता येतं, पेशंटला येत नाही."

"पण आईला वाईट वाटलं असेल."

"छे. रुसून बसणाऱ्यातली नाही हो ती. चांगली ओळखते मी तिला."

भाचीची कानशिलं तापली. आत्या खुर्चीसकट मागे वळली आणि आता सरळ तिच्याशीच बोलली.

"आई गेली तर जाऊ दे. वय झालं की माणूस जातंच. पण पोरीच्या तोंडचं ते शेवटचं वाक्य काढून टाक. एवढा पंप नीट केला तिने, आणि वर खुनाचा आळ? हा कुठला न्याय?"

प्रमुख एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला ही गोष्ट आधीच माहीत होती?"

"गोष्ट कुठली माहीत असायला! मला स्ट्रेचरवरून आत नेत होते ना, तेव्हा ही बाकावर दिसली. मांडीवर लॅपटॉप, मान खाली, बोटं नुसती धावत होती. मी गेलेलंही कळलं नाही तिला." आत्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला. "मला मेलीला तोवर एकच घोर होता, की ही एकटी बाहेर बसून काय करेल. म्हटलं, चला, हातात काम आहे पोरीच्या. मग निवांत भूल घेतली."