उशिरा येणारा हुंकार

आमच्या धंद्यात कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, नेट स्लो आहे. कंपनी म्हणते, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. दोघंही थापा मारतायत असं धरून चालायचं आणि पाकीट, म्हणजे नेटवरून धावणारा माहितीचा तुकडा, नेमकं कुठं अडलंय ते स्वतः शोधायचं. हिंजवडीत मी हेच काम करतो, आणि त्यात कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

म्हणून आमच्या घरमालकीण सगुणाबाई जेव्हा म्हणाल्या, "दयानंदा, तू येवढा नेटमधला मानूस, आन माझ्याच घरचं नेट आजारी?" तेव्हा ते मला चांगलंच लागलं.

मी मूळचा परभणीकडचा. सगुणाबाईंनी रस्त्याकडेचं शेत विकून पिरंगुटला लागून असलेल्या भऱ्यात दुमजली घर बांधलंय, त्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खाली त्या एकट्याच. नवरा वारला, एकुलता एक मुलगा ओम टोरांटोला. रोज दिवेलागणीला, म्हणजे त्याच्याकडे सकाळ असते तेव्हा, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि गावची सगळी खबर द्यायची. कुणाचं भात झोडून झालं, कुणाची म्हैस व्याली, शेजारच्या रिह्यात कुणाच्या पोरीची सुपारी फुटली.

बोलताना त्यांना हुंकार लागतो. त्यांच्या घरातली रीतच आहे ती. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबली. लहानपणी ओम अंथरुणात पडून असाच हुंकार द्यायचा. डोळा लागला तरी तोंड सवयीनं हं हं करत राहायचं. मग सगुणाबाई मधेच म्हणायच्या, "आन मंग म्हशीनं अंडं घातलं." पोरगं जागं असलं तर उठून भांडायला लागायचं. "हं" म्हणालं तर झोपलं. मग त्याच्या अंगावर गोधडी ओढायची आणि दिवा बंद करायचा. हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलंय, आणि दर वेळी मी मुकाट हुंकार दिलाय.

टोरांटोचा हुंकार मात्र उशिरा यायचा. सगुणाबाई एक वाक्य बोलून थांबायच्या. काहीच आलं नाही की दुसरं सुरू करायच्या, तेवढ्यात पहिल्याचं "हं" येऊन आदळायचं. दोघंही गप्प. मग दोघंही एकदम "बोल, बोल". निम्मा कॉल यातच जायचा.

"त्याला वाटतं आई मधी मधी बोलती, मला वाटतं ह्याचं ध्यान न्हाई," त्या म्हणाल्या. "नेटनं मायलेकरात भांडनं लावली बघ. तेवढं नीट कर. माझं पोरगं माझं ऐकतंय, येवढं मला कळू दे. बाकी काय नको."

सोमवारी रजा टाकून मांडी ठोकून बसलो. आधी राऊटरच सापडेना. तो निघाला गोदरेजच्या कपाटात, कुलपात, पैठणीच्या मागं. दसऱ्याचा वाळका झेंडू अजून त्याच्या कानाला लटकत होता.

"दिवं लुकलुकत्यात त्याचं. खिडकीत ठेवला तर कुनीबी उचलून नेईल की," सगुणाबाई म्हणाल्या.

लोखंडात कोंडलेला राऊटर आरवणार किती आणि ऐकू जाणार किती? बाहेर काढून खिडकीत ठेवला. घरातल्या घरात होणारा उशीर गेला. टोरांटोचा काही गेला नाही.

मग लॅपटॉपवर वाट काढली. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला हजेरी द्यायला लावायची एक युक्ती असते, त्यातून पाकीट कुठून कुठं गेलं आणि कुठं किती रखडलं ते कळतं. भऱ्याहून पुणं, पुण्याहून मुंबई, इथवर ठीक. पुढं एकदम सिंगापूर! तिथून अख्खा पॅसिफिक ओलांडून अमेरिकेचा पश्चिम किनारा, मग अमेरिका आडवी तुडवत टोरांटो. मी हे सगुणाबाईंना समजावून सांगितलं.

"म्हंजी भऱ्याहून पिरंगुटला जायाचं, ते ताम्हिणी घाटानं?"

"अगदी तसंच, मावशी."

"मंग माझ्या पोराचा काय दोष? त्येचा हं बिचारा दमून भागूनच येनार." त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, काम इथंच झालं. तिथंच थांबायला हवं होतं.

पण थांबेन तर मी कसला. गावच्या केबलवाल्या माऊलीला फोन लावला. त्याच्याकडे दोन लाइनी होत्या, आणि सगुणाबाईंना त्यानं स्वस्तातल्या लाइनीवर टाकलं होतं.

"साहेब, टोरांटोला पोचतंय ना? मंग कुटनं का जाईना," माऊली म्हणाला.

त्याच्याशी चांगलंच वाजलं. शेवटी कटकट नको म्हणून त्यानं लाइन बदलली. मी पुन्हा वाट काढून पाहिली. आता मुंबईहून युरोप, अटलांटिक, आणि टोरांटो. उशीर निम्म्यावर आला होता. मी कॉलर ताठ करून संध्याकाळची वाट पाहत बसलो.

आधी नात आली पडद्यावर, सृष्टी.

"सृष्टे, जेवलीस का गं?"

"आजी, आत्ता सकाळ आहे!" शब्दाला शब्द लागून उत्तर. सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच शाबासकी दिली. मग सृष्टी शाळेला पळाली आणि ओम समोर बसला.

"आरं, हैबतरावानं औंदा सगळी इंद्रायणी लावली व्हती."

काहीच नाही. त्या थांबल्या. कितीतरी वेळानं आलं, "हं."

"आन पावसानं ती आडवी केली."

पुन्हा तेच. मी लॅपटॉपकडे पाहिलं. पाकिटं जात होती, येत होती, एकही अडत नव्हतं. चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की ओमच्या चष्म्यात दुसऱ्या पडद्याचा पांढरा चौकोन दिसत होता. त्याचे डोळे त्याच्यावर होते, आणि हात खाली काहीतरी टाइप करत होते. आधीच्या फाटक्या चित्रात हे कधी दिसलंच नव्हतं.

सगुणाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "बघतो, बघतो," मी म्हणालो आणि उगाच दोनचार बटणं दाबली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फोनकडे वळल्या.

"आन मंग, ओम," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "म्हशीनं अंडं घातलं."

बराच वेळ गेला.

"हं," ओम म्हणाला. "बरं झालं."

त्या रागावल्या नाहीत. आपल्याशीच "झोपला" म्हणाल्या, कॉल बंद केला, फोन पालथा घातला आणि हातातलं फडकं त्यावर हलकेच पसरलं. मला तिथं बसवेना. ओमला फोन करून चार शिव्या घालाव्यात असं वाटलं. त्याची नोकरी, त्याची सकाळ, त्याची मीटिंग, सगळं मला समजत होतं. तरी राग आला आणि वर जाऊन मी रडलोही.

सकाळी सगुणाबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नाहीत.

"दयानंदा, ते पयलं सिंगापूर पुन्यांदा लावता येतं का?"

"मावशी, आताची लाइन चांगली आहे."

"ठावं हाय मला. चांगलीच हाय." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "पर तू ते सिंगापूर सांगितलंस तवा मला वाटलं, पोरगं ऐकतंय आन वाट लांबची हाय. तेच बरं व्हतं. तू लाव ते पयलंच."

मी वाद घातला नाही. माऊली फोनवर हसत सुटला. "लाइन खराब करून मागनारं पयलंच गिऱ्हाईक बघतुया, साहेब." त्याचं हसणं संपायच्या आत मी फोन ठेवला. मग राऊटर उचलून पैठणीच्या मागं सारला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली सगुणाबाईंच्या हातात दिली.

संध्याकाळी कॉल आला. ओमचं चित्र पुन्हा चौकोनाचौकोनांनी फाटत होतं आणि त्याचे डोळे कुठं आहेत ते काही दिसत नव्हतं. सगुणाबाईंनी हैबतरावाच्या आडव्या झालेल्या भाताची हकीकत पहिल्यापासून सुरू केली. एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या. पलीकडून काही येईना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"लई लांबनं येतंय रे. येळ लागायचाच."

"हं," मी म्हणालो.