काचेच्या तीन बाटल्या

दुपारचे अडीच. प्रदूषण खात्यात तेला-पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या तिला सगळे बाटलीबाईच म्हणत. तिने नमुन्यांचं कपाट उघडलं आणि एक बाटली पटकन बाहेर काढली. सकाळी जहाजाच्या टाकीतून आणलेलं तेल प्लास्टिकच्या बाटलीत होतं.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या तेलाचा काळा चिकटा गोळा करता करता काचेच्या बाटल्या संपल्या, आणि जहाजावर हाताला लागली ती बाटली तिने पुढे केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. प्लास्टिकचा अंश तेलात उतरतो. मग किनाऱ्यावरचं तेल याच जहाजाचं, हे कोर्टात टिकत नाही. जहाज चारला सुटणार. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, कप्तान तिसऱ्याचा. एकदा भर समुद्रात गेलं की कोण कुणाला विचारतो. इकडे तिच्या दादाची मासेमारीची जाळी त्या तेलाने माखून आठ दिवस अंगणात डांबरासारखी थिजून पडली होती.

साहेबांना तिने सरळ सांगून टाकलं. साहेबांनी आधी दार लोटलं. मग हळूच समजावलं, की काचेच्या बाटलीत ओत, नवं सील लाव, कोण बघतंय. तुला नोकरीत कायम करायची फाइल याच आठवड्यात वर जातेय, चूक लेखी आली तर ती तिथेच बसेल.

“ओतलं तर बाटली काचेची होईल साहेब,” ती म्हणाली, “तेल प्लास्टिकमधलंच राहील.”

तिथेच उभ्याउभ्या तिने चूक तीन ओळींत लिहिली, खाली सही ठोकली. पुन्हा जहाजावर जायचा कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली.

वाटेत लाँचवाल्या काकांनी चिडवून घेतलं. बाटलीला हात लावला की आमच्यावर डोळे वटारतेस, आणि आज तूच गं? ती हसली नाही, तसा काकांनी लाँचचा वेग वाढवला.

कप्तान घाईत होता. तिचा कागद त्याने दोनदा वाचला. “चूक तुमची. मी का थांबू?”

“चूक माझीच, म्हणून तर लिहून आणलीय. तेल तुमचं नसेल तर तुमचीच सुटका. आणि नमुना दिला नाहीत तर तेही लिहीन. लिहायला आज हात बसलाय माझा.”

कप्तानाला हसू फुटलंच. त्याने इंजिनिअरला तिच्याबरोबर खाली धाडलं. काचेच्या तीन बाटल्या भरल्या, लाख लावून सील केल्या. एक जहाजाला, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टाला.

सह्या करता करता कप्तान म्हणाला, “गप्प बसला असतात तर आम्ही सुटलो असतो.”

“माहितीये. इथे पण करा. तारखेसकट.”

परतताना वारा उठला होता. दोन बाटल्या ओढणीत गुंडाळून तिने मांडीवर घेतल्या. मागे भोंगा वाजला, जहाज वळायला लागलं. एरवी लाँच उडवत नेणारे काका आज प्रत्येक लाट बघून, बेताबेताने नेत होते.

“फाइलचं काय गं मग?” त्यांनी विचारलं.

ती सीलची लाख नीट बसलीय ना, ते अंगठ्याने चाचपत होती.