धर जरा

आमचे हे गेल्या वर्षीपासून केळंब्याच्या अभयारण्यात राहतात आणि आता ते संरक्षित आहेत. म्हणजे त्यांना पकडता येत नाही, घरी नेता येत नाही आणि त्यांच्या आसपास मोठ्याने बोलताही येत नाही. तिथल्या ऑफिसातून फोन आला तेव्हा माझा कुकर गॅसवर होता. "तुमच्या मिस्टरांना संरक्षण मिळालं," पलीकडची मुलगी म्हणाली आणि तिने माझं अभिनंदन केलं. मी गॅस बारीक केला.

ते राहिले कसे, ते सांगते. आम्ही दोघं एका सहल कंपनीबरोबर जंगल बघायला गेलो होतो. शेवटच्या दिवशी परत निघताना हे ओढ्याशी थांबले. चष्मा काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, "धर जरा. तोंड धुऊन घेतो." मी चष्मा धरला. वळून एका फुलाचा फोटो काढला आणि पुन्हा बघितलं, तर ओढा होता, ते नव्हते. सगळ्यांनी शोधलं. मग आमचा गाइड सगुण वर झाडाकडे बघून म्हणाला, "गेले थंय." सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्यांना ते दिसले. मला सोडून.

मला हे फार लागलं. उभ्या संसारात दिसण्याचं खातं माझ्याकडे होतं. हे ज्या कपाटासमोर उभे असायचे, त्याच कपाटातला शर्ट त्यांना दिसायचा नाही. फ्रिज उघडून "लोणचं संपलं का गं?" म्हणायचे आणि बरणी त्यांच्या नाकासमोर असायची. मी आतल्या खोलीतून, मान वर न करता सांगायचे, डावीकडे, दुधाच्या मागे. वर्षानुवर्षं त्यांच्या वस्तू मी शोधल्या आणि आता तेच सापडत नव्हते.

वर्षभर त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये आहे. फोन आला की सांगायचं, ते जंगलात आहेत. गॅसवाल्याला तेच, डॉक्टरांना तेच, सोसायटीच्या मीटिंगलाही तेच. सांगून सांगून मी दमले. मला त्यांचा राग यायचा, पण दमलेल्या माणसाला नीट रागावताही येत नाही. म्हणून मी ठरवलं, की एकदाच जायचं, त्यांना घेऊन यायचं आणि मग आडवं पडायचं. त्याच कंपनीच्या त्याच सहलीत मी पुन्हा नाव घातलं.

या वेळी बरोबर मिरजकर पतीपत्नी होते. ते कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. पक्षी दिसला की आधी त्याचं नाव सांगायचे आणि मग बघायचे. शिवाय केतकी नावाची एक मुलगी होती, तिच्या कॅमेऱ्याची नळी तिच्या हाताएवढी लांब. आणि सगुण. सगुण वर्षभरात म्हातारा झाला होता, पण नियम त्याला तोंडपाठ होते. चेकनाक्यावर आडवा बांबू वर करून त्याने आमची टेम्पो ट्रॅव्हलर आत घेतली, आम्हाला जळवांपासून वाचायचे लांब मोजे दिले आणि मला बाजूला घेतलं.

"काकीनू, हाक मारूची नाय. खावक घालूचा नाय. हात लावचो नाय."

"मग न्यायचं कसं?"

"आपणहून फाटकाभायर इलो तर तुमचो. नायतर रानाचो."

"आणि हाक मारली तर?"

"हाक मारल्यार कोण येयत ता सांगूक येणा नाय," तो म्हणाला आणि मोज्यांच्या नाड्या बांधायला खाली बसला.

पहिल्या सकाळी आम्ही दरीच्या कडेला उभे राहिलो. समोरच्या डोंगरावर झाडावर झाड चढलं होतं, वेलींनी सगळं एकत्र शिवल्यासारखं झालं होतं. सगुणने बोट केलं. "थंय बघा. उंच झाडार, डाव्या फांद्येर."

"वा!" मिरजकर म्हणाले. "पूर्ण वाढ झालेला नर."

"बसलेत निवांत," मिसेस मिरजकर म्हणाल्या. "काहीतरी सोलून खातायत."

"काय खातायत?" मी विचारलं.

"उंबर असावं. सालं खाली टाकतायत."

हे तेच. सालं बशीत ठेवायची सवय त्यांना मी कधी लावू शकले नाही. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. पानं दिसली, आणखी पानं दिसली, एक शेकरू शेपूट सांभाळत गेलं. सगुणने माझ्या मागे उभं राहून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि थेट त्या फांदीकडे वळवलं. फांदी दिसली. तिच्यावर काही नव्हतं.

"दिसलो?"

"हो हो, दिसले," मी म्हणाले. सगळे इतके खूश झाले होते, की कोणाचा हिरमोड करावासा वाटेना.

दुसऱ्या दिवशी दरी नव्हती. रात्रीतून ती मिटली होती आणि समोरचा डोंगर ओढ्यापलीकडे येऊन उभा होता. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. मिरजकर म्हणाले, बरं झालं, चढ वाचला. ओढ्याकाठीच सगळ्यांना हे पुन्हा दिसले, आता दुर्बिणीशिवाय. केतकीने पुष्कळ फोटो काढले आणि मला दाखवले. तिच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुंदर, स्वच्छ, प्रत्येक शीर दिसणारी पानं होती.

"किती गोड हसलेत ना काकू?"

"पहिल्यापासूनच फोटोत हसतात," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

"केस वाढलेत. आणि डोळे असे बारीक करून बघतायत, जणू काही दिसतच नाहीये."

"चष्मा नाही ना." मी पर्सवर हात ठेवला. चष्मा आत होता. मला पहिल्यांदाच त्यांची कणव आली. हा माणूस वर्षभर झाडावर बसून सगळं धूसर बघतोय आणि त्याला कोणी सांगणारं नाही, की डावीकडे बघ, पानाच्या मागे.

त्यानंतर जंगल रोज जवळ यायला लागलं. आधी ते रेस्ट हाउसच्या कुंपणापर्यंत आलं, मग अंगणात. आमच्या फिरायच्या वाटा आखडल्या; निघालो की लगेच पोहोचायचो. जेवणघरात खांबांना शेवाळ धरलं, ताटांवर वरून पाणी ठिबकायला लागलं. आमच्या खोल्यांच्या खिडक्या पानांनी बंद झाल्या, तेव्हा सगुणने दिवसाही कंदील लावून दिले. मी एक सोडून बाकी सगळे आनंदात होते. एवढ्या जवळून एवढं दुर्मीळ काही बघायला मिळत नाही, असं मिरजकर पुन्हा पुन्हा सांगत होते. हे आता त्यांना जिन्यावर दिसत, व्हरांड्यात दिसत. एकदा मिसेस मिरजकरांनी त्यांना माझ्या खोलीच्या दाराशी उभं असलेलं पाहिलं.

"आत यायचंय का त्यांना?" मी विचारलं.

"तसं वाटलं नाही. नुसते उभे होते. काहीतरी विसरल्यासारखे."

मी दार उघडं ठेवून पडले. जमिनीवर ओली पावलं उमटत गेली, कॉटपर्यंत आली आणि थांबली. मी पर्समधून चष्मा काढून त्या पावलांच्या वर धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. कोणी घेतला नाही. पावलं वाळून गेली आणि मी रडले. इतक्या जवळ येऊनही न दिसणं, याला काय म्हणायचं?

शेवटच्या दिवशी नाश्त्याला पोहे होते. मी पहिला घास घेतला आणि सगळे एकदम गप्प झाले. केतकीने कॅमेरा हळूच वर केला.

"काकीनू," सगुण कुजबुजला, "तो तुमच्या पाठीमागे उभो आसा. हळू वळा."

मी हळू वळले. मागे भिंत होती. भिंतीतून एक फांदी आत आलेली होती.

"आता तुमच्या पोह्यांवरचं खोबरं उचलून खाल्लं," मिसेस मिरजकर म्हणाल्या.

मी ताटात पाहिलं. खोबरं नव्हतं. पण मी ते वाढून घेतलं होतं का, हे मला आठवेना.

"दिसलो?" सगुणने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मला एकदाही दिसलेले नाहीत. गेल्या वर्षीही नाही, या वर्षीही नाही. तुम्ही सगळे बघता आणि मला सांगता, ते खातायत, हसतायत, उभे आहेत. मी कंटाळले आता. मला बघायचेही नाहीत. मला फक्त त्यांना घरी न्यायचंय."

मिरजकरांनी माझ्या ताटात थोडं खोबरं घातलं.

सामान बांधून आम्ही निघालो. रेस्ट हाउसपासून चेकनाक्यापर्यंत आता फक्त काही पावलांचं अंतर उरलं होतं आणि त्यातही झाडं दाटीवाटीने उभी होती. गाडीच्या टपावर पानं टेकली होती. सगळे आत जाऊन बसले. सगुण बांबूच्या दोरीशी उभा राहिला.

"बसा काकीनू. फाटक पडतला आता."

मी पायरीवर एक पाय ठेवला आणि खाली घेतला. मग जंगलाकडे तोंड करून उभी राहिले. मी त्यांना नावाने हाक मारणार होते. खिडकीतून केतकी म्हणाली, "काकू, नको!" पण माझं ठरलं होतं. फक्त एक अडचण होती. त्यांचं नाव मी लग्नात एकदा घेतलं होतं, तेही उखाण्यात, लाजत, जुळवून. त्यानंतर ते माझ्या तोंडात कधी आलंच नाही. मी तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि जी हाक जन्मभर मारली होती तीच बाहेर पडली.

"अहो!"

एक क्षण काही झालं नाही. मग समोरच्या झाडातून आवाज आला, "काय गं?"

आणि त्याच्या शेजारच्या झाडातून, "काय गं?" आणि त्याच्यामागून, वरून, वेलींतून, ओढ्यापलीकडून. एक झोपेतून उठलेला, एकाच्या तोंडात पान, एक खोकून मग बोललेला, एक वैतागलेला, दोन अगदी प्रेमळ. डोंगरभर "काय गं, काय गं" होत गेलं आणि हळूहळू थांबलं. मला वाटलं होतं, हजारात त्यांचा आवाज ओळखेन. पण पेपर वाचता वाचता दिलेलं उत्तर होतं ते. तसं सगळेच देतात.

सगुणने डोक्याला हात लावला.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून चष्मा काढला आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला. "या," मी म्हणाले. "चला घरी."

समोरच्या खोडावरून सालं खरवडल्याचा आवाज खाली खाली येत गेला. गवत दबलं. ओल्या शेवाळाचा वास आला. मग माझ्या तळहातावरचा चष्मा उचलला गेला, त्याच्या काड्या उघडल्या आणि तो हवेत वर जाऊन, माझ्या कपाळाच्या बराच वर, स्थिर झाला. आमचे हे माझ्याच उंचीचे. पण वर्षभर फांद्यांना लोंबकळल्यावर माणूस थोडा ताणला जात असेल.

"चल," चष्म्यामागून आवाज आला. "उशीर झाला."

चष्मा माझ्याआधी गाडीत चढला. मी मागोमाग गेले. इतके दिवस ह्यांना बघून ज्यांच्या माना दुखेनात, ते सगळे आता आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मिरजकरांनी दुर्बिणीवर झाकणं बसवली. मिसेस मिरजकरांनी पदर नाकाला लावला.

"काकू..." केतकी म्हणाली. तिचा कॅमेरा मांडीवर पालथा होता.

"काय गं?"

ती माझ्या शेजारच्या सीटकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "काही नाही," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मी तिला पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण सीट मऊ होती, माझ्या शेजारी सीट दबली होती, पर्स हलकी झाली होती आणि वर्षभरात पहिल्यांदाच मी पाठ टेकली होती. गाडी सुरू झाली. बांबूखालून बाहेर पडली. मागे सगुणने दोरी सोडली आणि बांबू खाली आला. मी डोळे मिटले.

तेव्हा ओढ्याच्या बाजूने हाक आली. मोठी नव्हती. तिला घाई नव्हती, राग नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने आतल्या माणसाला सांगावं, तशी होती.

"अगं, धुतलं तोंड. दे आता चष्मा."

मी डोळे उघडले. शेजारचा चष्मा खिडकीतून बाहेर बघत होता. तो सावकाश माझ्याकडे वळला.