बोटीत निळं चालत नाही

माझी नात कोरिन वर्गात दुसरी आली. हे मी हॅडलॉक बेटावरच्या घराघरांत जाऊन सांगितलं, आणि घरं एकोणीसच असल्यामुळे दुपारच्या जेवणाआधी माझं सांगून संपलं. वर्गात मुलं किती, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. दोन. पहिला आला तो ड्वेन, त्याला पुढे शिकायचंच नव्हतं, त्याला बोट हवी होती. म्हणजे शिकणाऱ्यांत पहिली आमचीच.

कोरिनला मात्र त्या दुसऱ्या नंबराची लाज वाटायची. विद्यापीठाच्या अर्जात नेमका तोच रकाना होता: वर्गातला क्रमांक, आणि वर्गात एकूण किती. तिने 'दोन' लिहिलं, पुन्हा 'दोन' लिहिलं आणि टेबलावर डोकं टेकून बसली.

"आजी, हसतील गं ते. दुसरी म्हणजे शेवटचीच की."

"हसू देत. म्हणावं, इथे या आणि तिसरं पोर शोधून दाखवा."

पुढचा रकाना होता, शाळेबाहेर काय करता. तिने लिहिलं, वाचन.

"वाचन?" मी म्हटलं. "आणि पहाटे साडेतीनला उठून शेवंडीचे दीडशे सापळे कोण ओढतं? तुझं वाचन?"

"असलं काही लिहीत नसतात, आजी."

"कोणी लिहीत नाही म्हणूनच तू लिही."

मी पाचवीपर्यंत शिकले, पण गिऱ्हाईक मला कळतं. टोपलीत सगळे मासे सारखे असले की हात वेगळ्या माशाकडेच जातो. तिने नाक मुरडत लिहिलं, हाताच्या भेगांसकट लिहिलं, आणि अर्ज गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या शाळेला एकच शिक्षिका, थिबोडोबाई. त्यांनी सांगितलं की पाकीट जाड आलं तर घेतलं, पातळ आलं तर नाही. नकाराला एक कागद पुरतो म्हणे. झालं! त्या दिवसापासून अख्खं बेट पाकिटातलं जाणकार झालं. टपालाची बोट सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येते. ती चालवतात माझे धाकटे दीर, एल्डन भावजी. त्यांनी धक्क्याला दोर बांधायच्या आत दहा तोंडं विचारायची, "जाड की पातळ?" भावजी मान हलवायचे आणि समुद्रपक्ष्यांकडे बघत बसायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या माणसाने जन्मात कधी पक्ष्यांकडे पाहिलेलं नाही.

एप्रिल असाच गेला. कोरिनने जेवण अर्ध्यावर आणलं. "पातळ पाकीट पाठवायलासुद्धा त्यांना जड जातंय," म्हणायची, आणि हसायची, पण ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

एक मेला शुक्रवार होता. सकाळी थिबोडोबाईंनी दुकानातल्या फोनवरून विद्यापीठाला फोन लावला. बेटावर फोन म्हणजे तो एवढाच, त्यामुळे कुणालाही फोन करायचा असला की गावभर माणसं मीठ घ्यायला येतात. बाई नुसतं हूं हूं करत होत्या. मग त्यांनी फोनवर हात दाबला.

"ते म्हणतात, तेरा एप्रिललाच पाठवलं."

"काय पाठवलं?"

"पाकीट." बाईंचा आवाज फाटला. "जाड!"

काय ओरडा झाला म्हणून सांगू! दुकानदाराने पावाची फळी उलथवली, कोण कोणाला मिठी मारतंय ते कळेना, मी तर वीस वर्षं अबोला धरलेल्या शेजारणीच्या गळ्यात पडले आणि चूक लक्षात आल्यावर बाजूला झाले.

"थांबा!" बाई ओरडल्या. "आत एक कार्ड आहे. त्यावर हिची सही होऊन आजच्या तारखेचा टपालाचा शिक्का पडला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. फोनवर चालत नाही, मी विचारलं."

कोरिन मधोमध उभी होती. "पण पाकीट आहे कुठे?"

तेव्हा मला एल्डन भावजी दिसले. आमच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी दाराबाहेर सटकत होते.

"भावजी."

"इंजिन बघून येतो, वहिनी."

"भावजी, आत या."

ते आत आले. टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली. "ते... ते निळं होतं," म्हणाले.

पुढे सरसावलेले दोघेतिघे मागे सरकले. आमच्याकडे बोटीत निळं चालत नाही. निळी बोट नाही, निळी बादली नाही, निळे हातमोजे नाहीत. निळं आत आलं की बोट समुद्राला आपली वाटायला लागते. उन्हाळ्यातला एक पाहुणा मला शहाणपणाने विचारत होता, मग समुद्र निळा नाही का, आजीबाई? मी म्हटलं, बोटीच्या बाहेर आहे तोवर असू दे. आत आला तर तू बरं म्हणशील का? त्याच पाहुण्याचा निळा डबा मी आतल्या जेवणासकट पाण्यात फेकला होता. आणि हेच भावजी एकोणीस वर्षांचे असताना निळा स्वेटर घालून बोटीवर आले, तेव्हा मी तो काढायला लावला होता. मार्च महिना होता. ते उघडेच घरी गेले. म्हणजे त्यांना धाक कोणाचा होता ते उघड आहे.

"निळं म्हणजे किती निळं?" मी विचारलं.

"वहिनी, आभाळासारखं. आणि हे एवढं. आत काहीतरी मऊ पण आहे. पलीकडे, किनाऱ्यावरच्या गावातल्या धक्क्यावर आमिषाच्या खोलीत ठेवलंय. नीट ठेवलंय! खारवलेल्या हेरिंग माशांच्या पिंपावर."

"दोन आठवडे? आणि तोंडातून शब्द नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणायला लावलं असतं, नाहीतर आणू दिलं नसतं. दोन्हीकडून मार मलाच."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. "बोट काढा," मी म्हटलं.

दुकानात होते तेवढे सगळे चढले. दुकानदारसुद्धा दार सताड उघडं टाकून आला. पलीकडे पोचलो तेव्हा अडीच वाजले होते, आणि तिथलं टपालघर चारला बंद होणार होतं.

आमिषाच्या खोलीच्या दारातून भावजींनी एक डोळा मिटून पिंपाकडे हात केला. पाकीट खरंच तसलं निळं होतं. मऊ काय होतं, तर लोकरीचा मफलर, तोही निळा, आणि वास असा की मांजरांनी मिरवणूक काढावी. कोरिनने पत्र वाचलं. 'अभिनंदन' हा शब्द तिने दोनदा वाचला. मग थिबोडोबाईंनी बरोबर काय काय आणायचं त्याची यादी मोठ्याने वाचायला घेतली, आणि आमचं हसून हसून पोट दुखायला लागलं.

"दोन चादरी, जास्त लांबीच्या."

"का? पोरं ताणून घेतात काय तिथे?"

"न्हाणीघरात घालायच्या चपला."

"आंघोळीला चपला? आणि टोपी?"

"एका मजल्यावर बावीस मुली, न्हाणीघरं चार."

"अरे देवा," दुकानदार म्हणाला, "आपलं अर्धं बेट एका जिन्यावर!"

"खोलीतली सोबतीण कशी हवी? रात्री जागणारी की लवकर उठणारी?"

"साडेतीनला उठते असं लिही, कोरिन," मी म्हटलं. "खोली एकटीला मिळेल."

सगळे खिदळत होते. कोरिन नव्हती हसत. तिच्या एका हातात कार्ड होतं, दुसऱ्या हातात पेन, आणि पेन खाली येत नव्हतं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "कार्ड पण निळं आहे. आणि या चित्रात बघ, इमारतीचं दारसुद्धा. दोन आठवडे ते बोटीत चढू शकलं नाही. हे मला काहीतरी सांगणंच झालं ना? तूच म्हणतेस, समुद्राने नको म्हटलं की हट्ट करू नये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

मला पुष्कळांनी बोल लावलेत, आणि मी ते व्याजासकट परत केलेत. पण माझेच शब्द माझ्या तोंडावर मारणारी ही पहिली. काय करायचं? ते सगळं खुळ आहे म्हणायचं? जी पोर माझ्या मांडीवर बसून हे शिकली, तिला एका शब्दाने उलटं कसं पटेल? तिने ते कार्ड तिथेच पिंपावर ठेवलं असतं, आणि सोमवारी पहाटे साडेतीनला उठून सापळ्यांवर गेली असती, जन्मभर.

मी मफलर उचलला, गळ्याला दोन वेढे दिले आणि धक्क्याकडे चालायला लागले.

"वहिनी, नको!" भावजी मागून धावले. "माझी बोट आहे ती!"

"ती पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा सुकाणूच्या चाकावर कोण होतं? तुम्ही धक्क्यावर ओकत होता. किल्ली द्या."

मी एकटी चढले, दोर सोडला आणि बोट काढली. बंदराच्या तोंडाशी वाटेची खूण म्हणून घंटेची बोय तरंगते, तिला वळसा घालून यायचं ठरवलं. खरं सांगते, घाबरले होते. सदुसष्ट वर्षं जे मानलं ते गळ्यात गुंडाळून निघाले होते. तोंडाशी इंजिन एकदा खोकलं. मी म्हटलं, "खबरदार!" ते गप चालायला लागलं. तेवढ्यात एक लाट आडवी आली, मला नखशिखांत भिजवलं आणि माझी रविवारची टोपी घेऊन गेली. आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. असलं हसू की चाक धरवेना. मफलर मागे फडफडतोय, घंटा वाजतेय, धक्क्यावर सगळे एकमेकांचे हात धरून चर्चमधल्यासारखे उभे. मी भोंगा वाजवला. मग दुसरा वळसा घातला. त्याची काही गरज नव्हती.

परत येताना बोट धक्क्याला चांगलीच आपटली.

"बघा! अपशकुन!" भावजी किंचाळले.

"अपशकुन कसला? बावीस वर्षांत चाक धरलं नव्हतं मी." मी उतरले. अंगातून पाणी निथळत होतं. कोरिनसमोर उभी राहिले. "बोट बुडाली?"

"नाही."

"मी बुडाले?"

"टोपी बुडाली."

"टोपीला काही विद्यापीठात जायचं नाही. कर सही."

"पण आजी, इतकी वर्षं तू—"

"इतकी वर्षं मी बरोबर होते. आजपासून दुसरं बरोबर आहे."

तेव्हा ती हसली, ओळखीचं. टेबल नव्हतं, म्हणून भावजींच्या पाठीवर कार्ड ठेवून सही केली. "अंगाला लागत नाही ना ते?" भावजी विचारत होते. खाली एक ओळ रिकामी होती: आम्हाला आणखी काही कळवायचं आहे का? मी पेन हिसकावलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'मुलगी पाठवते आहे. रंगाचं मी बघून घेतलं.'

मग पळालो. मी सदुसष्टाव्या वर्षी ओल्या घागऱ्याने पळाले, थिबोडोबाई बूट हातात घेऊन पळाल्या. चारला सात मिनिटं कमी असताना टपालघराच्या खिडकीशी पोचलो. आतल्या बाईने कार्ड उचललं आणि लांब धरलं.

"याला माशाचा वास येतोय."

"येणारच," कोरिन धापा टाकत म्हणाली. "माझ्याकडून आहे ते."

शिक्का पडला. कोरिनने आणखी एक मारायला लावला.

परतताना पाकीट आमच्याबरोबर बोटीत आलं. ते उराशी धरून कोरिन अगदी पुढे टोकाला बसली, आणि भावजींना तिकडे बघायचं नव्हतं. त्यामुळे सबंध वाट त्यांनी मागे तोंड करून बोट हाकली, आणि आम्ही सगळे मिळून ओरडत होतो, "डावीकडे, भावजी! खडक! अहो, डावीकडे!"