मामाच्या हातचा पहिला घास

केसरीनाथ जेवायला बसले की त्यांची नात मृणालीही जेवायची. म्हणजे तिच्या पोटात काही जायचं नाही. पण आजोबांनी आ केला की ती आ करायची, आजोबा चावू लागले की तिचं बोळकं हलायचं, आणि त्यांनी घास गिळला की तीही काहीतरी गिळायची. सगळ्या घराला याचं भारी कौतुक. कोणी पाहुणा आला की केसरीनाथ मुद्दाम भाताचा घास सावकाश उचलायचे. “बघा, कशी नक्कल करतंय बेनं,” म्हणायचे, आणि पाहुणा पोट धरून हसायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली पोरीची आई, मनाली, तेवढी हसत नसे. ही नक्कल नाही, भूक आहे, हे तिला दिसत होतं. पण सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सुनांना त्या घरात सवय नव्हती.

ही गोष्ट २००६ सालच्या दसऱ्यानंतरची. शेलार गावातलं हे घर खाऊनपिऊन सुखी होतं. शेतं गोदामवाल्यांकडे गेली होती, तरी पोटापुरता भात अजून घरचा यायचा. मुलगा प्रितेश ट्रेलर चालवायचा. कोलंबी, बोंबील, तूप, कशाला म्हणून तोटा नव्हता. आणि अशा घरात आठ महिन्यांच्या पोरीच्या जिभेवर भाताचं एक शीत पडलं नव्हतं.

कारण तिची उष्टावण व्हायची होती. बाळाला पहिला घास भरवायचा मान मामाचा. मुलगा असेल तर सम महिन्यात, मुलगी असेल तर विषम. मामाने भरवल्याशिवाय आईने, आजीने, कोणीही अन्न बाळाच्या ओठाला लावायचं नाही. रीत म्हणून पाहिली तर गोड आहे. भाऊ बहिणीच्या घरी येतो, भाचीला मांडीवर घेतो, चार माणसं जेवून जातात. यात वाईट काय? वाईट एवढंच की या घराने मामालाच दार बंद केलं होतं.

मनालीचा भाऊ दीपेश मानकोलीला गोदामात कामाला होता. वैशाखात त्याने रीमा नावाच्या दुसऱ्या जातीतल्या मुलीशी कोर्टात जाऊन लग्न केलं. माहेरची भावकी बसली. व्याही म्हणून, वडीलधारे म्हणून केसरीनाथांना मानाने बोलावलं. दीपेशशी जाणं-येणं, खाणं-पिणं बंद, असं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हात त्यांनी वर केला. त्या वेळी नात तीन महिन्यांची होती आणि तिला पुढे मामा लागणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता वर केलेला हात खाली घेणार कसा?

पाचव्या महिन्यात दीपेश स्वतःहून आला होता. हातात झबलं, डब्यात रीमाने केलेली तांदळाची खीर. फाटकाशी उभा राहिला. केसरीनाथ ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. “तू आमच्यासाठी मेलास,” एवढंच म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मनालीने खिडकीतून भावाची पाठ पाहिली. तो महिना गेला. सहावा चालत नाही, तो मुलग्यांचा. सातव्यात माहेरच्या भावकीतल्या बाळारामने मानलेला मामा म्हणून उभं राहायचं ठरलं, तर ऐन गणपतीत घरात सुतक आलं. सुतक फिटतंय तोवर पितृपक्ष. आठवा पुन्हा मुलग्यांचा. हा सम-विषमाचा घोळ कोणी घातला देव जाणे, पण पोट काही महिने पाहून रिकामं होत नाही.

त्यातच मनालीला पुन्हा दिवस गेले. कळलं त्याच दिवशी सासू कमळने पोर तिच्या अंगावरून काढली. “पोटुशी बाईचं दूध पोराला बाधतं,” म्हणाली. तेव्हापासून मृणाली बाटलीवर होती. गाईचं दूध जड पडू नये म्हणून त्यात निम्मं पाणी.

त्या दुपारी अंगणवाडीची गुणाबाई आली. तिने तुळईला काटा अडकवला, झोळीत मृणालीला घातलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिली.

“आजीबाय, पोरगी वजनाच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात गेली हो,” ती कमळला म्हणाली. “आगस्टात होती त्याच्यापेक्षा कमी भरतेय. वर काय देता?”

“दूध देतो.”

“दूध न्हाय पुरत आता. पेज द्या, वरणभात कुस्करून द्या. सहा महिने झाले की द्यायचंच असतं.”

“ते तुझ्या पुस्तकात. आमच्यात मामाशिवाय न्हाय चालत,” कमळ शांतपणे म्हणाली. “दिवाळी होऊंदे. नववा लागला की बाळाराम येतोय. इतके दिवस निघाले, अजून पंधरा दिवस काय होतंय?”

गुणाबाई चहा न घेताच निघाली. फाटकापर्यंत मनाली तिच्यामागे गेली तेव्हा तिने आवाज खाली आणला. “पोरी, नाचणी हाय ना घरात? रातभर भिजव, फडक्यात बांध, मोड येऊंदे. सावलीत वाळव, जरा भाज, दळ आणि मलमलीतून चाळून घे. चमचाभर पीठ पान्यात कालवून शिजवलं की झालं. कोणाला सांगायची गरज काय?”

मनालीने चार दिवस हे काम चोरासारखं केलं. आपल्याच घरात, आपल्याच पोरीसाठी. मोडाचं फडकं तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. नाचणी माळ्यावर ओढणीखाली वाळवली. मिक्सरचा आवाज कोणाला ऐकू जायला नको म्हणून शेजारच्या यंत्रमागांची शिफ्ट सुरू व्हायची वाट पाहिली. खटाखट खटाखट सुरू झालं की तेवढ्यात दळून घेतलं. पीठ चाळलं तेव्हा ते इतकं मऊ निघालं की बोटाला लागलेलं कळेना.

पाचव्या दिवशी कमळ धामणकर नाक्याला दिवाळीची खरेदी करायला गेली. मनालीने वाटीभर पाण्यात चमचाभर सत्त्व कालवलं, गुठळी होऊ न देता मंद आचेवर ढवळलं, गुळाचा खडा आणि तुपाचं बोट घातलं. आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहिला. मग मृणालीला मांडीवर घेऊन चमच्याचं टोक तिच्या ओठाला लावलं.

पोरीने आधी तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर आली, पुन्हा आत गेली. आणि मग तिने दोन्ही हातांनी चमचाच धरला. सोडेना. आठ चमचे खाल्ले तिने. नवव्याला आईच्या मांडीवरच झोपली, तोंडाभोवती तांबूस मिशी घेऊन. मनाली तिच्याकडे बघत बसली. लग्न झाल्यापासून इतकी सुखात ती कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मृणालीला जुलाब झाले.

खरं तर बाटलीचं बूच दोन दिवस कोमट पाण्यात नुसतं खळबळून ठेवलेलं होतं, आणि त्याला आंबूस वास येत होता. पण घरात कोणी बुचाचा वास घेतला नाही. मनालीनेही नाही. तिच्या मनात एकच, आपण भरवलं, आपणच भरवलं. ती रडत सासूपुढे बसली आणि सगळं सांगून टाकलं.

कमळ ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

“प्रितेशच्या आधी मला पोरगी होती,” ती म्हणाली. “तुला कोनी सांगितलं नसंल. माझा भाव तवा कामासाठी लांब गेला होता. पोर रडायची, मला बघवेना. मी गुपचूप पेज भरवली. आठ दिवसांत गेली. सासू मरेपर्यंत मला बोलायची, तूच खाल्लीस तिला. तीस वर्स झाली गो. मी कोनाला दोष देऊ?”

मनालीने मृणालीला मांडीवर ओढून घेतलं.

“पोरीच्या डोक्यावर हात ठेव,” कमळ म्हणाली. “आईची शपथ घे. एकवीरा आईची. मामाने भरवल्याबिगर परत न्हाय भरवनार.”

मनालीने हात ठेवला. शपथ घेतली. सासूने छळलं म्हणून घेतली असती तर ती मोडताही आली असती. पण सासू खरोखर घाबरलेली होती आणि ती भीती मनालीच्या अंगात उतरली. जुलाब दोन दिवसांनी थांबले, तेव्हा दोघींनाही वाटलं, शपथेनेच थांबले. अशी समजूत एकदा बसली की ती काढायला कुठला डॉक्टर येणार?

रात्र-दिवस मनालीच्या मनात एकच विचार, मामाचा एक घास. शेवटी तिने नवऱ्यापाशी विषय काढला. “तुमचा ट्रेलर रोज मानकोलीवरून जातो. दादा तिथंच असतो. मला नि हिला एक दिवस घेऊन चला. रस्त्यात दोन मिनिटं थांबा. तो एक घास भरवील, आपण परत येऊ.”

प्रितेश वाईट माणूस नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता. त्याने मान खाली घातली. “बाबांना कळलं तर? आख्खी भावकी ओळखते मला त्या नाक्यावर. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न हाय. बाळाराम येतोय ना?”

“ती आता रडत पण न्हाय हो,” मनाली म्हणाली.

“मग बरंच हाय की,” तो म्हणाला, आणि ड्युटीवर गेला.

दिवाळी झाली. नववा महिना लागला. बाळारामाला निरोप गेला, तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस ठरला, मांडववाला येऊन अंगण मोजून गेला. केसरीनाथांनी दीडशे माणसांचं जेवण सांगितलं. मामा मानलेला असला म्हणून काय झालं, गावात नाव राहिलं पाहिजे. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती आता आजोबा जेवताना आ करत नव्हती. पाटाशेजारी पडून आढ्याकडे बघायची. “शहाणी झाली पोर,” केसरीनाथ म्हणाले.

ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधी तिला पुन्हा जुलाब सुरू झाले, आणि उलट्या. पहिला दिवस दृष्ट काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे खोल गेले तेव्हा प्रितेशने रिक्षा आणली. धामणकर नाक्यावर ट्रकांमागे रिक्षा अडकली. मनालीने पोरीला छातीशी धरलं होतं. तिचं वजन हातांना लागतच नव्हतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईने पोरीच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

“हिला खायला काय देता?”

प्रितेशने मनालीकडे पाहिलं.

“पेज? खिमट? बिस्कीट तरी?”

“अजून उष्टावण न्हाय झाली,” कमळ म्हणाली. “तीन दिवसांवर हाय.”

डॉक्टरीणबाईने वर पाहिलं. रागवायला तिने तोंड उघडलं होतं, पण मनालीकडे पाहून मिटलं. “जुलाबाला औषध आहे माझ्याकडं,” ती म्हणाली. “पण हिच्या अंगात झुंजायला काही उरलेलंच नाही.” तरी तिने झुंज दिली. हाताची शीर सापडेना, तर कपाळाची शोधली. दुपारी तीनच्या सुमारास मृणाली गेली. गेली तेव्हा ती साडेआठ महिन्यांची होती.

घरी आणलं तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू पडलेले होते. बातमी मानकोलीला पोहोचली, आणि दीपेश गोदामाच्या कपड्यांतच धावत आला. फाटकापाशी थबकला. कोणी त्याला या म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. एवढं लहान मूल खाडीकडे पुरायला न्यायचं, तर हातावर न्यायचं. प्रितेशने पोरीला उचललं आणि तो पुन्हा खाली बसला. केसरीनाथांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे.

“मामाकडं दे,” ते म्हणाले.

दीपेशने उंबरा ओलांडला आणि भाचीला वैशाखानंतर पहिल्यांदा हातात घेतलं.

मनाली जमिनीवरून उठली. सासऱ्यांशी ती आजवर नजर वर करून बोलली नव्हती. आता बोलली. “बाबा, आज चालतो तो?”

जमलेली भावकी पायांकडे बघत राहिली. केसरीनाथांनी खांद्यावरचा पंचा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला. पुरुष खाडीच्या वाटेला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोटातलं पाचव्या महिन्याचं बाळ हालत होतं. कमळ हळूच आत आली, तिच्या पायाशी बसली. बराच वेळ पाय चेपत राहिली. सासूने सुनेचे पाय चेपावेत असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

“गो मनाली,” ती शेवटी म्हणाली, “आता येईल त्याला तूच भरव. सहा महिने झाले की भरव. वाट नको बघू कोनाची.”

एवढंच वाक्य. म्हणायला एक श्वाससुद्धा लागला नाही. याच वाक्यासाठी मनाली श्रावणापासून दारात उभी होती.

ती वळली. “आई, हे बाहेर चला आणि बाबांसमोर बोला,” ती मोठ्याने म्हणाली.

बाहेर ओसरीवर केसरीनाथ भेटायला आलेल्या माणसांना सांगत होते, जुलाबानं गेली, देवाची मर्जी. कमळने दाराकडे पाहिलं. ती उठायला म्हणून हातावर रेललीसुद्धा. मग तिने सुनेच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल गो,” ती म्हणाली. “ऐकतील.”

मनालीने तो हात तोंडावरून काढला आणि ते वाक्य स्वतःच बोलायला उठून एकटीच ओसरीकडे निघाली. तिच्यामागे कोणी गेलं नाही. वाचकहो, तुम्ही त्या ओसरीवर बसलेले असता, तर तिचं ऐकलं असतं?