जावकमामांचा खालचा खण

पत्रबाईंना ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या जांभई यायची. झोपेची जांभई वेगळी असते. ही 'महोदय' या शब्दाची जांभई होती. एकोणीस वर्षं रोज सकाळी पहिला शब्द 'महोदय' टाइप करायचा म्हटल्यावर जबडा आपोआप उघडणार, त्यात त्यांचा काय दोष?

पंखे बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं ते. लांबट खोली, आठ टेबलं, आणि एवढ्या पंखेवाल्यांच्या डोक्यावरचा पंखा मात्र दिवसभर कुरकुरणारा. पंखा बिघडला की गिऱ्हाइकं पत्रं पाठवायची, माल पोचला नाही की दुकानदार पाठवायचे, आणि त्या सगळ्यांना उत्तरं देणं हे बाईंचं काम. शिवाय दर महिन्याचा अहवाल, पाहणीचा अहवाल, मीटिंगचं इतिवृत्त, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

पण इतक्या वर्षांत बाईंनी एक युक्ती केली होती. पत्रं कितीही तऱ्हांची असोत, त्यांनी त्यांचे सहा नमुने करून संगणकात ठेवले होते. एक नंबर पोच: आपलं पत्र मिळालं. दोन नंबर दिलगिरी. तीन नंबर स्मरण. चार नंबर नकार, तोही इतका गोड की आपल्याला 'नाही' म्हटलंय हे माणसाला दुसऱ्या वाचनात कळावं. पाच नंबर अभिनंदन, सहा नंबर सांत्वन. नाव बदला, तारीख बदला, झालं पत्र.

मग काय, सगळं ऑफिसच नंबरांत बोलायला लागलं. "बाई, त्या दुकानदाराला एक कडक तीन नंबर हाणा!" घरी मुलगीसुद्धा कमी नव्हती. आई उशिरा आली की ती दारातच हात कमरेवर ठेवून उभी. "चला, दोन नंबर द्या." आणि बाई चपलांसकट सोफ्यावर पडून खरंच म्हणायच्या, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मुलगी खो खो हसायची. बाईंना हसायलाही त्राण नसायचं.

त्यात गेलं वर्षभर त्यांना एक वेगळीच धास्ती होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी ट्रेमधलं वरचं पत्र उचलावं आणि वाटावं, अरे, याला आपण कालच उत्तर दिलंय की! संगणकात बघावं तर उत्तर लिहिलेलं असायचंही. पण मूळ पत्र तर ट्रेमध्ये, म्हणजे उत्तर गेलेलं नाही. मग आपण ते छापलं की नुसतं छापलं असं वाटलं? बाई मुकाट्याने पुन्हा लिहायच्या. डोकं कामातून चाललंय, दुसरं काय.

दाराशी जावकमामांचं टेबल होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक द्यायचा, मोठ्या रजिस्टरात नोंद करायची, शिक्का मारायचा. तो क्रमांक नसला तर कागद इमारतीबाहेर काय, साहेबांच्या केबिनमध्येही जात नसे. बाई उत्तर लिहून मूळ पत्र टाचणीने जोडून मामांकडे देत. मामा उत्तर रवाना करत आणि मूळ पत्र फाइलला लावत. मामा हळू. इतके हळू की लोक म्हणायचे, मामांच्या टेबलावरून दिलगिरी निघेपर्यंत गिऱ्हाईक दुसरा पंखा घेतं. त्यांचा उजवा गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा होता. उठताना तो आधी वाजायचा, मग मामा उठायचे.

एके दिवशी नव्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मला एक अहवाल हवाय. जावक टेबलाची गरज आहे का, यावर."

"आहे का, की नाही, साहेब?"

साहेब हसले. "तुम्ही हुशार आहात. पत्रं आता तुमच्या संगणकावरून थेट जातील. मधे ते रजिस्टर, तो शिक्का कशाला? मामांना आपण गोदामात देऊ."

"गोदामात दिवसभर उभं राहावं लागतं, साहेब. त्यांचा गुडघा..."

"दोनच वर्षं उरलीत त्यांची. आणि हो, हेड क्लार्कची जागा रिकामी आहे. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे. अहवाल नीट होऊ दे, शुक्रवारपर्यंत."

बाई बाहेर आल्या. हेड क्लार्क! म्हणजे वेगळं टेबल, खिडकीशेजारचं, आणि 'महोदय' लिहायला दुसरं कुणीतरी. नऊ वर्षं बाई त्या खिडकीकडे बघत होत्या. आणि मामा गोदामात चार दिवसांपलीकडे टिकणार नाहीत, पाचव्या दिवशी राजीनामा ठेवतील, हेही त्यांना लख्ख दिसत होतं. एवढं सगळं एका अहवालावर. तोही त्यांनीच लिहायचा.

पाहणी केल्याशिवाय पाहणीचा अहवाल लिहायचा नाही, एवढा एक नियम बाईंनी थकूनसुद्धा मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची ओढून मामांच्या शेजारी बसल्या.

"काय बाई, आज इकडे?"

"तुमच्यावर अहवाल लिहायचाय."

"मग सरळ बसतो," मामा म्हणाले. "फोटो पण आहे का?"

"मामा, थट्टा नाही. तुम्हाला गोदामात पाठवायचं चाललंय."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि पुढचं पत्र ओढलं. "लिहा तर मग. मी माझं काम करतो."

आणि बाईंनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मामा नुसता क्रमांक टाकत नव्हते. ते टाचणी काढत, आधी गिऱ्हाइकाचं पत्र वाचत, सगळं, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग बाईंचं उत्तर वाचत. मग पेन उचलत.

"तुम्ही वाचता?"

"बघतो जरा."

"जरा कुठलं! पत्राला पाच मिनिटं लागली तुम्हाला."

"अक्षर वाईट असतं लोकांचं."

दुपारी साडेतीनच्या सुमाराला मामा एका पत्राशी थांबले. गिऱ्हाइकाचं पत्र पुन्हा वाचलं. मग बाईंचं उत्तर अलगद काढून खालचा खण उघडला, आत ठेवलं आणि खण बंद करायला गेले. बाईंनी हात घातला.

"ते कुठे चाललं?"

"काही नाही. असंच."

"मामा, द्या इकडे."

उत्तर त्यांनी आदल्या संध्याकाळी लिहिलं होतं. पाच नंबर. 'आपण गेली वीस वर्षे आमच्या पंख्यांवर विश्वास ठेवलात, आपले मनःपूर्वक अभिनंदन! ही साथ अशीच अखंड राहो.' आणि मूळ पत्र एका बाईंचं होतं, निळ्या शाईतलं. 'तुमच्या नोंदीत पंखा माझ्या पतींच्या नावावर होता. वीस वर्षे झाली. ते मागच्या महिन्यात गेले. नाव बदलून माझे करावे.' पत्रबाईंनी 'वीस वर्षे' एवढंच वाचलं होतं आणि हात पाच नंबरवर गेला होता. मेलेल्या माणसाचं अभिनंदन. साथ अखंड राहो!

त्यांनी उत्तर टेबलावर उलटं ठेवलं. मग त्यांनी तो खण पूर्ण बाहेर ओढला.

आत त्यांचीच पत्रं होती, नीट लावलेली, तारखेप्रमाणे. एक म्हातारा पंखा अंगावर पडता पडता वाचला होता, त्याला एक नंबरची पोच. एकीने पंखा छान आहे म्हणून कौतुक कळवलं होतं, तिला दोन नंबरची दिलगिरी. बाई एकेक उलटत होत्या आणि कानशिलं तापत होती.

"आणि मूळ पत्रं?" त्यांनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळलं.

"ती तुमच्या ट्रेमध्ये ठेवतो, सकाळी," मामा म्हणाले. "सगळ्यात वर. सकाळी तुमचं डोकं ताजं असतं. दुसऱ्या खेपेला तुम्ही बरोबर लिहिता, नेहमी."

"अहो मामा, मला वाटत होतं मला वेड लागतंय! डॉक्टरकडे जाणार होते मी!"

"अरेरे." मामा खरोखरच कानकोंडे झाले. "ते नाही आलं माझ्या लक्षात."

"सांगायचं नाही का सरळ?"

"सांगितलं असतं तर तुम्ही प्रत्येक पत्राला घाबरला असता. घाबरलेलं माणूस जास्त चुकतं. त्यापेक्षा म्हटलं, थकल्यात, जाऊ दे."

थकल्यात. एकोणीस वर्षांत हे ऑफिसात कुणी म्हटलं नव्हतं. बाईंना रडू येईल असं वाटलं, पण जांभईच आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या कागद घेऊन बसल्या. साहेबांना हवा तो अहवाल सोपा होता, अर्ध्या तासाचं काम. त्यांनी 'जावक टेबलामुळे पत्रास सरासरी एक दिवस विलंब होतो' एवढं लिहिलंही. ते खरं होतं, आणि पुढचं लिहिलं नाही तर तेवढंच खरं राहणार होतं. पुढचं लिहायचं तर लिहावं लागणार होतं की तो एक दिवस कशाला लागतो, आणि चुका कुणाच्या असतात.

बटाटे सोलता सोलता मुलगी वाकून वाचत होती. आईने तिला सगळं सांगितलं, कारण दुसरं सांगायला होतं कोण?

"म्हणजे खरं लिहिलंस तर तुझी खिडकी गेली."

"गेली."

"आणि नाही लिहिलं तर मामा गेले."

"हो."

"मग हे कितव्या नंबरचं पत्र आहे गं, आई?"

बाईंनी पेन उचललं. "याला नमुना नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिली ओळ खोडली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दोन पानी अहवाल मामांच्या टेबलावर ठेवला. मामांनी चष्मा लावला. नेहमीसारखं, शांतपणे, सहीपर्यंत वाचलं. 'गेल्या वर्षभरात एकतीस चुकीची उत्तरे जावक टेबलावर अडवण्यात आली. ती सर्व मी लिहिलेली होती. हे टेबल नसते तर ती गिऱ्हाइकांच्या हाती पडली असती. सबब हे टेबल आवश्यक आहे.'

मामांनी खालचा खण उघडला आणि अहवाल आत ठेवला.

"मामा!"

"चुकीचं पत्र आहे हे. बाहेर जाणार नाही."

"काय चुकीचं आहे त्यात?"

"तुमचं नुकसान आहे."

"नुकसान म्हणजे चूक नव्हे. काढा बाहेर."

"बाई, माझी दोनच वर्षं उरलीत. तुम्हाला अजून पंधरा काढायचीत इथे."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेवढी शक्तीच नव्हती. "पंधरा वर्षं मी मेलेल्या लोकांची अभिनंदनं करत बसू? तुम्ही गेलात की अडवणार कोण मला? निदान दोन वर्षं तरी बसा. तोवर शिकते मी वाचायला."

वरचा पंखा कुरकुरत राहिला. मामांनी अहवाल बाहेर काढला, पुन्हा वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"चूक आहेच. एकतीस नाहीत, तीस. मार्चमधलं एक पत्र बरोबर होतं. मीच चुकीचं समजून अडवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच शब्द पुन्हा लिहून आणलेत, तेव्हा कळलं मला."

"मग तसं लिहू? एक चूक तुमची?"

"लिहायलाच पाहिजे. खोटा अहवाल माझ्या टेबलावरून जात नाही."

बाईंनी पान पुन्हा छापलं. मामांनी क्रमांक टाकला, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.

साहेबांनी केबिनमध्ये तो वाचला आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढलं-लावलं. "मॅडम, यावर तुम्ही सही केलीय, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब."

"ठीक आहे. बघतो."

सोमवारी दोन कागद आले. पहिला होता कार्यालयीन आदेश: जावक टेबल पुढील दोन वर्षे आहे तसे चालू राहील. दुसरा बाईंच्या नावाचं पत्र. 'आपल्या दीर्घ व निष्ठावान सेवेची आम्हाला मनापासून जाणीव आहे. आपल्या नावाचा विचार अत्यंत आस्थेने करण्यात आला...' तिसऱ्या ओळीशी बाई थांबल्या. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. चार नंबर! त्यांनीच घडवलेला, त्यांच्याच संगणकातला, साहेबांनी नाव आणि तारीख बदलून पाठवलेला. दुसऱ्यांदा वाचायची गरजच नव्हती.

त्यांनी कोपऱ्यातला जावक क्रमांक पाहिला. मग मान वर केली. मामा समोर उभेच होते, एक हात गुडघ्यावर.

"वाचलंत ना तुम्ही हे, पाठवायच्या आधी?"

"दोनदा," मामा म्हणाले. "अडवायचं म्हणून वाचलं. पण चूक एकही सापडली नाही, बाई."

"कशी सापडेल? मीच लिहिलंय."

मामांनी मान हलवली आणि गुडघा वाजवत आपल्या टेबलाकडे गेले. खिडकीशेजारचं टेबल रिकामंच होतं, त्यावर कुणीतरी छत्री वाळत घातली होती. बाईंनी ट्रेमधलं सगळ्यात वरचं पत्र उचललं. निळ्या शाईतलं, शुक्रवारपासून तसंच राहिलेलं. ते त्यांनी पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं, आणि सहा नंबरचा नमुना न उघडता कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. पहिला शब्द कोणता लिहावा हे त्यांना बराच वेळ सुचेना.