अर्धा आटा

“काका, जरा मागे सरका बघू. लादीचा तुकडा उडाला तर डोळ्यात जाईल,” गवंडी म्हणाला आणि त्याने छिन्नीवर हातोडा घातला.

काकांनी स्टूल मागे घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा होतं तिथेच आणलं. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या भिंती फोडून आतले नळ दुरुस्त केले होते. सगळी वस्ती त्यांना नळवाले काका म्हणायची. आज स्वतःच्याच घराची भिंत फुटत असताना पाहुण्यासारखं बाजूला बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

भिंत एकच, पण तिने घराच्या दोन्ही बाजू बुडवल्या होत्या. अलीकडे स्वयंपाकघर, पलीकडे न्हाणीघर. आधी न्हाणीघराच्या लाद्या पायाखाली डुगडुगू लागल्या. मग ओट्याखालचं लाकडी कपाट फुगलं आणि त्याचं दार लागेना. काकूंनी दाराला पाट टेकवून महिनाभर वेळ मारून नेली. शेवटी एके सकाळी कपाटाचा तळ पातेल्यांसकट खाली आला आणि मागची भिंत टिपकागदासारखी भिजलेली दिसली. आता ओटा उखडला होता, भांडी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर बसली होती आणि नवरा-बायको खांद्यावर टॉवेल टाकून शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं शेजारी हसत म्हणाले. इथे तर पाषाणही कोरडे राहिले नव्हते.

“सापडला चोर,” गवंडी म्हणाला. त्याने भिंतीतून नळाचा एल्बो काढला, म्हणजे पाइप जिथे कोपऱ्यात वळतो तो जोड, आणि काकांच्या हातावर ठेवला. एल्बोच्या कडेला केसाएवढी चीर होती.

काकांना एका नजरेत कळलं. जोड गच्च आवळला की पक्का होतो असं अडाणी माणसांना वाटतं. काका कधीही शेवटपर्यंत आवळत नसत. अर्धा आटा, म्हणजे पेचाचा अर्धा फेरा, मोकळा ठेवत. पुढेमागे थेंब आलाच, तर येणाऱ्याला आणखी थोडं फिरवायला जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. हा एल्बो मात्र शेवटपर्यंत पिळलेला होता. पिळून पिळून फोडलेला होता.

आणि तो त्यांनीच बसवला होता. गेल्या वर्षी काकूंना नळ जरा डावीकडे हवा होता तेव्हा. त्याच सुमाराला उजवा हात थरथरायला लागला होता. बस म्हणायचं कुठे, हे पूर्वी बोटंच सांगायची. ती बोटं मुकी झाली, आणि सैल राहिला असेल या भीतीने काकांनी आणखी एक वेढा दिला, मग आणखी एक.

“मालच खराब, काका,” गवंडी म्हणाला. “हल्लीच्या प्लास्टिकचं काही विचारू नका.”

“हं,” काका म्हणाले.

एवढंच म्हणाले आणि एल्बो खिशात टाकला. काकू दारात गाळणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गवंड्याला काठोकाठ भरलेला कप दिला, काकांना नेहमीसारखा अर्धा, आणि आत वळल्या.

जेवताना काकांचं ताटात लक्ष नव्हतं. घास तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा.

“अन्नाशी भांडण आहे की माझ्याशी?” काकूंनी विचारलं.

काकांनी खिशातून एल्बो काढून ताटाशेजारी ठेवला.

“हा दोष मालाचा नाही.”

“मग?”

“हाताचा आहे. माझ्या.” त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो धरल्या जागी ठरत नव्हता. “थरथरतो गं.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“तुमचा कप अर्धा भरायला लागले तेव्हापासून.”

काकांनी हात मागे घेतला. वर्षभर ते या अर्ध्या कपावरून कुरकुरत होते. “मला वाटलं, तू माझा चहा तोडायला बघतेस.”

“दर वेळी दोनदा घेता की मागून. तुटलाय कुठे? सांडायचा तेवढा थांबलाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. गावाचे नळ सुरू केलेत, स्वतःचं तोंड तेवढं बंद.”

काका हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “तुला कळत नाहीये. त्यानंतरही मी कामं घेतलीत. शिंपीणबाईंकडे, मास्तरांकडे, आणखी कितीतरी. त्या सगळ्यांच्या भिंतीत माझेच जोड आहेत. एखादा असाच पिळला असेल तर? माणसं माझ्या नावावर डोळे मिटून झोपलीत.”

“मग जाऊन बघून येऊ.”

“जाऊन सांगू काय?”

“जे आहे ते.”

“लाज वाटते,” काका म्हणाले. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी बायकोपुढे पहिल्यांदाच काढला असावा.

“वाटणारच. मी येते बरोबर. दोघांत वाटून घेऊ.”

शिंपीणबाई मशीनवर बसल्या होत्या. काका-काकूंना जोडीने दारात बघून त्यांना वाटलं, काही आमंत्रणबिमंत्रण आहे.

“तुमच्या बेसिनचा जोड बघायचाय,” काका म्हणाले.

“अहो, टिपूससुद्धा गळत नाही. छान चाललंय.”

इथून माघारी फिरता आलं असतं. छान चाललंय म्हटल्यावर कोण उकरायला जातं? काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, मदत करायची नाही असं ठरवून आल्यासारख्या.

“माझा हात थरथरतो,” काका म्हणाले. “वर्ष झालं. तुमचं काम मी त्याच हाताने केलं आणि सांगितलं नाही. माझ्या घरचा जोड फुटलाय. तुमचा बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.”

मशीन थांबलं. शिंपीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“काका, माझ्या सुईत दोरा गेल्या वर्षापासून सून ओवते,” त्या म्हणाल्या. “मी कुठे दवंडी पिटलीय? या, बघा काय बघायचंय ते.”

बेसिनखालचा जोड खणखणीत कोरडा होता. काकांनी त्यावर दोनदा बोट फिरवलं आणि दोन्ही वेळा बोट काकूंना दाखवलं. पुढची घरंही अशीच गेली. मास्तरांकडे मात्र एक जोड घामेजलेला निघाला. पुढच्या गल्लीत एक नळवाला होता, सगळं गच्च आवळतो म्हणून काका त्याला आजवर ‘आवळ्या’ म्हणत आले होते. त्याच आवळ्याला ते स्वतः जाऊन घेऊन आले आणि काम होईपर्यंत त्याच्यामागे उभे राहिले. एकदाच म्हणाले, “बस.” तो थांबला, हेही नवल.

घरी नवा पाइप भिंतीत बसला होता. एल्बो तेवढा आवळायचा होता.

“इथेही त्या पुढच्या गल्लीतल्या नळवाल्यालाच बोलावू का?” गवंड्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. पण काकांना ते आत कुठेतरी लागलंच.

“थांब जरा,” ते म्हणाले आणि त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू हात पुसत आल्या. काकांनी पिशवीतून जुना पाना काढून त्यांच्या हातात दिला. पान्याची मूठ इतक्या वर्षांत काकांच्या पंजाच्या मापाने झिजली होती. काकूंचा हात त्यात लहान पडला.

“मला कुठे येतंय?”

“तू फिरव. मी सांगतो.” काकांनी एल्बोवर डाव्या हाताची बोटं टेकवली. “हं. हळू. आणखी. आता जरा जड लागेल, घाबरू नकोस. बस.”

“अजून फिरतोय की हो.”

“फिरतोय म्हणून फिरवायचा नसतो. अर्धा आटा राहू दे.”

“कोणासाठी?”

“पुढे येणाऱ्यासाठी.”

काकूंनी पाना खाली ठेवला. आजवर या घरात पुढे येणारा म्हणजेही काकाच असायचे.

पाणी सोडलं. जोडाखाली बोट धरून काका कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. बोट कोरडं राहिलं. मग त्यांनी गवंड्याला मान हलवून खूण केली आणि भिंत बंद झाली.

नव्या लाद्या लागल्या, ओटा झाला, भांडी पलंगावरून उतरून आपल्या घरी गेली. न्हाणीघरात पहिली अंघोळ कोणी करायची यावरून दोघांत थोडी वादावादी झाली आणि काकू जिंकल्या. मग काकांनी सवयीने खुंटीवरची पिशवी खाली घेतली. ती हलकी लागली.

“अगं, पाना कुठाय?”

“बघा तिथे, खणात.”

काकांनी ओट्याखालचा नवा खण ओढला. डाव आणि उलथन्याच्या मधोमध, घासून पुसून लख्ख केलेला पाना ठेवला होता. चमच्यांनी त्याला सरकून जागा दिली होती. काकांनी त्याच्या झिजलेल्या मुठीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खण हळूच आत लोटला आणि रिकामी पिशवी घडी घालून बाजूला ठेवली.

काकूंनी अर्धा कप चहा पुढे ठेवला. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलून संपवला आणि कप परत पुढे केला. काकूंनी त्यात उरलेला अर्धा ओतला.